कागद आधी, बूट नंतर

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. केरळातल्या फुटबॉल क्लबनं ट्रायलला बोलावलंय, दहावी तोंडावर आलीय, बाबा म्हणतात शाळा आधी, सर म्हणतात असं बोलावणं पुन्हा येत नाही. जाऊ की नको, असं विचारतेस. तू चांगली खेळतेस हे मी लिहीत बसणार नाही, ते तुला माहीत आहे. जायचंच आहे. जाताना पिशवीत कोणते कागद असतील, ते आधी सांग.

आधारवर तुझी जन्मतारीख १ जानेवारी आहे आणि शाळेत १ जून. आश्रमशाळेत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण दाखल करताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी तीच टाकतात. आधारवाल्याला नुसतं साल सांगितलं की तो १ जानेवारी लावतो. गावात याचं कुणाला काही वाटत नाही. पण फुटबॉल महासंघाच्या संगणकात तुझी नोंद व्हायची तर एकच तारीख लागते, आणि वयोगटाच्या स्पर्धेत शंका आली की हाडांचा एक्स-रे काढून वय बघतात. तीन कागदांवर तीन तारखा असलेली मुलगी मैदानात कितीही पळो, नोंदणीच्या टेबलावर बसून राहते. म्हणून कागद आधी, बूट नंतर.

तुझा जन्म घरी झाला आणि ग्रामपंचायतीत नोंद नाही. मग ग्रामसेवकाकडून नोंद नसल्याचा दाखला घे. लसीकरणाचं कार्ड किंवा अंगणवाडीची वही सापडते का ते बघ. त्यावर आईबाबांचं प्रतिज्ञापत्र जोडून तहसील कार्यालयात अर्ज दे. जन्माला वर्ष उलटून गेलं की कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, त्यामुळे 'उद्या देतो' म्हणणाऱ्यावर विसंबू नकोस. जन्माचा दाखला हातात आला की आधी शाळेचं रजिस्टर दुरुस्त करून घे, तेही दहावीचा बोर्डाचा फॉर्म जाण्यापूर्वी. शाळा सुटल्यावर ती तारीख बदलायला फार यातायात पडते. आधार सगळ्यात शेवटी, कारण तिथे जन्मतारीख एकदाच बदलता येते. हा क्रम उलटा केलास तर अडकशील. नावाचंही तेच. दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. एक ठरव आणि सगळीकडे तेच ठेव. पुढे राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं तर पासपोर्ट लागेल, आणि तो याच कागदांवरून निघेल.

कुणी म्हणेल, दोन वर्षं कमी लावून देतो, सतरा वर्षांखालच्या संघात बसशील. त्याला दारातूनच परत पाठव. खरी तारीख तुला एखाद्या वयोगटातून बाहेर काढणारी निघाली, तरी खरीच लाव. खोट्या तारखेचा ठपका खेळाडूवर बसतो, लावून देणारा नामानिराळा राहतो.

आता बाबांचं म्हणणं. ते बरोबर आहेत, फक्त कारण वेगळं आहे. २०२४-२५ ची इंडियन विमेन्स लीग, म्हणजे महिला फुटबॉलची देशातली वरची लीग, जानेवारीत सुरू होऊन एप्रिलमध्ये संपली. आठ संघ, प्रत्येकाला चौदा सामने. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन हंगामात. यंदा शाळेतूनच दहावी दे आणि क्लबला लेखी कळव की ट्रायल परीक्षेनंतर चालेल का. खरंच मुलगी हवी असेल तर थांबतात. पुढे बारावी मात्र हंगामाच्या आड येणारच. तेव्हा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. त्याची मुदत पावसाळ्यात असते, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, हे मी तुला काय सांगू? तेव्हा तो पहिल्या आठवड्यातच भरायचा.

पैशाचं नीट समजून घे. महासंघानं २०२३ मध्ये ठरवलं की वरच्या लीगच्या प्रत्येक संघानं किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचा करार द्यायचा. दहाच. संघात पंचवीसेक मुली असतात आणि नवी मुलगी त्या दहांत नसते. म्हणून 'लीगमध्ये चांगला पगार आहे' या वाक्यावर घर सोडू नकोस. करारात काय बघायचं? रक्कम वर्षाची की हंगामाची, जेवण-राहणं त्यातच की वेगळं, गुडघा गेला तर एमआरआय आणि ऑपरेशन कोण करणार, घरी जाण्या-येण्याचं भाडं कुणाचं. तू अठराच्या आत आहेस, म्हणजे सही पालकांची, आणि तीन वर्षांपेक्षा लांबीचा करार फिफाच्या नियमात बसत नाही. मसुदा इंग्रजीत असेल तर फोटो मला पाठव, सही नंतर. पगार तुझ्या खात्यात यावा, आईसोबतचं संयुक्त खातं चालेल, सरांचं नको. ट्रायलसाठी पैसे मागणारा एजंट असला तर तिथेच फोन ठेव.

कागदांत एक कागद रक्ताचा. सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी शाळेत झाली असेल, पण रिपोर्ट तुझ्याकडे आहे का? एसएस, म्हणजे आजारच निघाला, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. एएस, म्हणजे नुसती वाहक असशील, तर खेळता येतं, फक्त क्लबच्या फिजिओला पहिल्याच दिवशी सांगायचं. केरळच्या दमट हवेत पहिल्या आठवड्यात एकापाठोपाठ एक स्प्रिंट मारणं एएसवाल्या खेळाडूला जिवावर बेतू शकतं. साध्या पेटक्यात स्नायू दगडासारखा आवळतो. एएसच्या त्रासात स्नायू मऊच राहतो आणि पायातली ताकद जाते. असं झालं की थांबायचं, 'आळशी आहे' असं कुणी म्हणालं तरी. हिमोग्लोबिनही बघून घे. बाराच्या खाली असेल तर दुसऱ्या हाफमध्ये पाय का जड होतात ते कळेल. शाळेतली लोहाची निळी गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. सिकलसेलचा रुग्ण असेल त्यानं ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

बूट! त्याबद्दल तू अख्खं पान लिहिलंयस. तुमच्या मुरमाच्या मैदानावर लांब खिळ्यांचे बूट घालून सराव करू नकोस. खिळा रुतत नाही, पाय डळमळतो आणि पीळ गुडघ्यात बसतो. मुलींचे गुडघ्याचे लिगामेंट मुलांपेक्षा जास्त तुटतात. सरावाला आखूड, पुष्कळ खिळ्यांचे टर्फचे बूट घे. गवतावरच्या ट्रायलसाठी वेगळे लागतील, ते किमान दोन आठवडे आधीपासून घाल. आयुष्यभर अनवाणी खेळलेल्या टाचेला नवा बूट पहिल्या तासातच फोड आणतो. शिवाय फिफाचा अकरा प्लस वॉर्मअप शिकून घे: आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, दोन मिनिटं वेगानं धावणं. आठवड्यातून किमान दोनदा. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का, हे मैत्रिणीला समोर उभं करून तपास. एवढं नेमानं केलंस तर दहा हजारांचे बूट नसले तरी चालेल.

एकटी आहेस असं वाटत असेल तर आजूबाजूला बघ. २०२२ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उराव. आपण तिन्ही सामने हरलो, अमेरिकेकडून तर ०-८. तरीही त्या मुली मैदानावर होत्या, कारण त्यांच्या नोंदी ठीक होत्या. हे मी पुन्हा पुन्हा बोलते म्हणून खेळाडू मला 'कारकून' म्हणतात. म्हणू देत. पास चुकला तर पुढच्या मिनिटाला दुसरा देता येतो, वयाच्या दाखल्यावरून बाद झालेल्या मुलीचा तो मोसम गेलाच.

जातीची पडताळणी फुटबॉलला लागत नाही, हे खरं. पण पुढे पोलिसात किंवा शासकीय नोकरीत राखीव प्रवर्गातल्या जागेवर जायचं झालं, खेळाडू कोट्यातून का असेना, तर लागेल. तुझ्या चुलत्यांची वैधता झालीय म्हणतेस, तिची प्रत आत्ताच घेऊन ठेव. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र मूळ प्रतीत जप. घरात ठेवणार असशील तर प्लास्टिकच्या फोल्डरात, आढ्याला टांगून, वाळवी लागणार नाही अशा जागी.

सोमवारी ग्रामसेवकाला गाठ. मिळालेल्या प्रत्येक कागदाचा फोटो पाठव, तिरका नको, चारही कोपरे दिसायला हवेत आणि शिक्का वाचता आला पाहिजे.

तुझी
मॅडम