शेअर्ड लायब्ररीसाठी जीसीसी की क्लँग?

प्रश्न : लिनक्सवर सी भाषेत शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम चालताना वापरतात तो सामायिक कोड) बनवतो आहे. माझ्या मशीनवर चालते, दुसऱ्याच्या मशीनवर ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’ म्हणून अडते (जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची सी भाषेची मूळ लायब्ररी). कंपायलर बदलू का?

उत्तर : नका बदलू, बिचाऱ्याचा यात दोष नाही. जीसीसी १९८७पासून आहे, क्लँग २००७पासून, दोन्ही कंपायलर भरवशाचे. ६४-बिट लिनक्सवर दोघांचा एबीआय (तयार कोडचे तुकडे एकमेकांशी कसे बोलतात त्याचे नियम) एकच, त्यामुळे एकाने बांधलेली लायब्ररी दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला सहज जोडता येते. मी स्वतः बिल्ड जीसीसीने काढतो आणि क्लँगच्या वॉर्निंग वाचायला तोच कोड त्यातूनही फिरवतो.

तुमचं दुखणं वेगळं आहे. तुम्ही नव्या सिस्टिमवर लिंक केलंत, म्हणजे तिथल्या लायब्ररींशी कोड जोडलात. २०२१च्या जीलिबसी २.३४मध्ये थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत सामावली गेली. त्यामुळे तिथे लिंक केल्यावर थ्रेड सुरू करणाऱ्या साध्या ‘पीथ्रेड क्रिएट’ फंक्शनवरही २.३४चा शिक्का बसतो, आणि जुन्या मशीनवर तो सापडत नाही. सोपा उपाय : जिथे चालवायचंय त्यातली सर्वांत जुनी सिस्टिम कंटेनरमध्ये (तुमच्याच मशीनवरच्या वेगळ्या कप्प्यात) घ्या आणि बिल्ड तिथेच करा. ‘ऑब्जडम्प’ या तपासणीच्या कमांडला मोठ्या टी-चा पर्याय दिलात की लायब्ररीला कोणत्या आवृत्त्या लागतात ते दिसेल.

आणि हो, कंपायलरला ‘एफ-पिक’ (मेमरीत कुठेही बसेल असा कोड बनवणारा पर्याय) द्यायला विसरू नका. ‘झेड-डेफ्स’ हा पर्यायही लिंकरला (कोड जोडणाऱ्या प्रोग्रॅमला) द्याच, नाहीतर सुटलेलं सिम्बॉल (फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं नाव) थेट ग्राहकाकडेच उघडं पडतं.