वाचकांचे प्रश्न : कार्यालयाचा मु. पो. बदलताना

राजधानीतली सरकारी कार्यालये लहान शहरांत नेण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न.

आयर्लंडने डब्लिनमधली सरकारी कार्यालये गावोगावी नेण्याचा घाट घातला आणि तो फसला, असे वाचले. नेमके कुठे चुकले? (वाचक, सातारा)

आधी गावे ठरली आणि मग कोण जाणार याची विचारणा झाली. ३ डिसेंबर २००३ रोजी अर्थमंत्री चार्ली मॅक्रीव्ही यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात १०,३०० पदे ५३ ठिकाणी नेण्याची घोषणा केली. मुदत होती तीन वर्षे. जाणे ऐच्छिक असल्याने कर्मचाऱ्यांनी एका मध्यवर्ती यादीत पसंतीची गावे भरायची होती, आणि घोळ इथूनच सुरू झाला. ज्याला आपल्या मूळ गावाजवळ जायचे तो काम करतो एका खात्यात, त्या गावी येणार भलतेच खाते. मग त्याला आधी त्या खात्यात घ्या, काम शिकवा, नंतर पाठवा. त्या टेबलावरचा जो डब्लिन सोडत नाही, त्याला तिसऱ्या खात्यात जागा द्या, तोही नवशिका. एक पद हलवायला तीन टेबलांवरची माहिती विस्कटायची. लिपिकांची अशी अदलाबदल एक वेळ जमते. तांत्रिक पदांवरच्या माणसाला अदलाबदलीसाठी दुसऱ्या खात्यात तसलेच काम करणारा मिळणार कुठून? उरलेले बरेचसे प्रकल्प सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये रद्द केले.

मग कोणाला न विचारता कार्यालय सरळ हलवले तर? (वाचक, नागपूर)

ब्रिटनचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय बघा. मायकेल लायन्स यांच्या २००४ च्या अहवालात लंडन व आग्नेय इंग्लंडमधून २०,००० पदे बाहेर न्यावीत अशी शिफारस होती. त्या लाटेत हे कार्यालय वेल्समधल्या न्यूपोर्टला गेले. लंडनच्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के गेलेच नाहीत. आकडे जुळवण्याच्या खाचाखोचा ज्यांच्या डोक्यात होत्या ते मागे राहिले. त्याची झळ आकडेवारीच्या दर्जाला बसल्याचे २०१६ मध्ये चार्ल्स बीन यांच्या अहवालाने नोंदवले. कामे लेखी नियमांवर चालतात हे कागदावर खरे. अमुक जिल्ह्याचा तक्ता नेहमी चुकून येतो, हे मात्र टेबलावरचाच माणूस जाणतो. म्हणून दोन्ही ठिकाणी काही काळ एकाच कामाची माणसे ठेवण्याचा खर्च आधीच धरावा. तो वाचवला की पुढे दुप्पट भरावा लागतो.

आमचे कार्यालय मुंबईहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार आहे. अभिलेख कसे न्यावेत? (एक लिपिक, ठाणे)

खोकी मागवण्याआधी सहा गठ्ठे लावा : नियतकालिके (ठरावीक काळाने पाठवायची विवरणे), प्रतीक्षाधीन (दुसरीकडून उत्तर यायचे आहे असे), प्रलंबित, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जाणारे आणि नष्ट करायचे. ‘ड’ वर्गाचे, म्हणजे थोड्याच काळासाठी जपायचे, मुदत संपलेले कागद रीतसर मंजुरी घेऊन इथेच संपवा. ट्रक भरून रद्दी नेणे हा नेहमीचा प्रकार आहे, आणि ‘संकीर्ण’ असे लिहिलेले खोके नव्या जागी वर्षभर कोणी उघडत नाही.

एका खोक्यात २० किलोंच्या वर भरू नका, बूड सुटते. ५०० कागदांचे रिम अडीच किलोंच्या आसपास भरते, त्यावरून अंदाज येईल. खोक्याचा क्रमांक, टेबल आणि गठ्ठा हे खोक्याच्या दोन बाजूंना लिहा. झाकणावर लिहिले की थप्पी लागल्यावर दिसत नाही. त्याच क्रमांकाने यादीच्या दोन प्रती करा : एक ट्रकबरोबर, एक उतरवून घेणाऱ्याकडे. कार्यविवरण नोंदवह्या आणि सेवापुस्तके ट्रकमध्ये टाकू नयेत, जबाबदार माणसाच्या हाती द्यावीत. जूनच्या आत हलवा. ताडपत्री कितीही चांगली असली तरी रुमालात बांधलेले गठ्ठे ओल धरतातच.

नव्या इमारतीचा मजला किती वजन पेलतो हेही तपासून घ्या. कागदांनी खच्चून भरलेल्या खणाच्या दर मीटरला सुमारे ५० किलो वजन येते. तीन फुटी, पाच खणांच्या कपाटात साडेचार मीटर, म्हणजे सव्वादोनशे किलो, कपाटाचे वजन वेगळे. अशी वीस कपाटे भाड्याच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत लावण्याआधी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्याला विचारा. तळमजला मिळाला तर उत्तम, फक्त कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा.

पगाराचे काय होते? (वाचक, पनवेल)

घरभाडे भत्ता घटतो. सातव्या वेतन आयोगात एक्स (सर्वांत मोठी), वाय (मधली) आणि झेड (उरलेली) या वर्गांतल्या शहरांच्या दरांचे प्रमाण ३ : २ : १ आहे. मुंबईतून नाशिकला गेल्यास भत्ता दोन तृतीयांश, झेड वर्गाच्या गावी गेल्यास एक तृतीयांश. पुण्याला गेल्यास फरक नाही, कारण पुणेही एक्समध्येच. साखर, कृषी, शिक्षण ही आयुक्तालये पुण्यात आहेत, त्यांच्याबाबत ही तक्रार फारशी ऐकू येत नाही यात नवल नाही.

पहिल्या महिन्याचा पगार अडकतो तो वेगळ्याच कारणाने. मुंबईत देयके अधिदान व लेखा कार्यालयाकडे जातात, जिल्ह्यात कोषागाराकडे. नव्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याचा (पगाराची रक्कम काढून वाटणाऱ्याचा) संकेतांक मिळून ‘सेवार्थ’ या पगाराच्या संगणक प्रणालीमध्ये पदे त्याच्या नावे येईपर्यंत बिल निघत नाही. हे काम ट्रक निघण्याआधी निदान दोन महिने सुरू करा, आणि अंतिम वेतन प्रमाणपत्रात चालू कर्जांचे उरलेले हप्ते बरोबर आलेत ना, हे प्रत्येकाने स्वतः वाचून घ्या.