फॉर्म पिशवीतच राहू दे

पोरी,

परवा फोनवर तू म्हणलीस की ताई, नवरा गेलेली ती बाई काहीच बोलंना, तासभर बसले पण एक रकाना भरला नाही, आणि बोलता बोलता तुझाच आवाज रडवेला झाला, म्हणून लिहायलेय.

माझंबी असंच झालतं. औसा तालुक्यातलं गाव, शेतकरी नवऱ्यानं फाशी घेऊन बारा दिवस झालेले, मी सरकारच्या एक लाखाच्या मदतीचा फॉर्म घेऊन त्याच्या बायकोकडं गेले. धाकट्या पोराचं वय विचारलं तर तिला सांगता येईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. मी शेऱ्यात लिहिलं, 'माहिती देण्यास टाळाटाळ'. आजबी आठवलं की जीव कसानुसा होतो गं.

अगं, कानशिलाच्या आत खोलवर बदामाएवढा भाग असतो, अमिग्डाला, त्याला धोका जाणवला की अंगात ॲड्रेनालिन सुटतं, काळीज धडधडतं, हातपाय गार पडतात आणि कपाळामागचा विचार करणारा भाग, जो तारखा-हिशोब सांगतो, त्याचं तेवढ्या वेळ फार चालत नाही. आणि आपण त्याच वेळी विचारतो, सातबारा कुठंय?

त्या अमिग्डालाला साल कळत नाही. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. इतक्या वर्षांनी सुद्धा ट्रक जाऊन पत्रा हादरला की उठून अंगणात येणारी म्हातारी माणसं मी बघितलीत.

म्हणून आधी तिचं अंग निवू दे. बाजूला बस, पाणी दे, हळू बोल, स्वतःचा श्वास लांब सोड, श्वास सोडताना ठोके हळू होतात, आणि बऱ्याचदा शेजारचं माणूसबी तसाच श्वास घ्यायला लागतं. 'मन घट्ट कर' म्हणू नको, सगळं गाव तेच म्हणून गेलेलं असतं. 'जीव घाबरा व्हायलाय का?' असं तिच्याच बोलीत विचार. भावनेला नाव दिलं की अमिग्डाला जरा शांत होतो, हे 2007 मध्ये अमेरिकेत मेंदूच्या स्कॅनवर दिसलंय. मरणाची भाषा आली तर विषय बदलू नको, सरळ विचार, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. एकटं सोडू नको, टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 लावून दे.

आणि रात्रभर झोप नाही म्हणलीस ना, तिच्यासंगं तुझंबी अंग घाबरलेलं असतंय. ते तसंच घेऊन दुसऱ्या घरी जाऊ नको, मधी थोडं चाल, काहीतरी खा.

मंगळवारी परत जाशील तेव्हा फॉर्म पिशवीतच राहू दे, आधी तिच्या हातचा चहा घे. घरी पोचलीस की मला फोन कर, कितीबी उशीर होऊ दे.

तुझी ताई