नुसतं मोजून काय होणार?

मी समुपदेशक आहे. दिवाळी उलटली की माझ्याकडे पर्यावरणशास्त्राची मुलं येऊ लागतात. पुण्यात राहून शिकणारी, बहुतेक एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. थंडीत जमिनीलगतची हवा वर चढत नाही, धूर-धूळ खालीच साचते, पेपरात रोज हवेच्या निर्देशांकाचे आकडे येतात आणि नेमका तोच काळ यांच्या प्रकल्पाच्या मोजणीचा असतो. प्रत्येकाचे शब्द वेगळे, गाऱ्हाणं एकच : आम्ही हवा मोजायला शिकतोय आणि हवा बिघडतच चालली आहे, मग हे शिकायचं कशाला? त्यात घरच्यांची भर : यात नोकरी तरी कुठे आहे?

या सगळ्यांना मी जे सांगते ते एका मुलीमुळे मला नीट सांगता यायला लागलं. तिच्या परवानगीनं लिहितेय, नाव आणि घरचे तपशील बदलून. तिला स्नेहल म्हणू.

स्नेहल चंद्रपूरकडची. वडील एका औष्णिक वीज केंद्रात कंत्राटी कामगार, कोळसा हाताळणीच्या विभागात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून चौथं आलं होतं. स्नेहल तेव्हा प्राथमिक शाळेत होती. पुढे कॉलेजात हा आकडा तिच्या वाचनात आला आणि तिनं ठरवलं, आपण हेच शिकायचं. तीच मुलगी माझ्यासमोर बसून म्हणाली,

“मॅडम, पांढरा कागद मशीनमध्ये लावायचा, चोवीस तासांनी काळा झालेला काढायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं. मी मोजूनच राहिली नं फक्त. तिकडे आजी खोकून राहिली.”

झोप उडालेली. रात्री दोनला उठून मोबाइलवर चंद्रपूरचा निर्देशांक बघायचा, सकाळी प्रयोगशाळेत जायचं टाळायचं. प्रबंध अर्धवट. सोडून देऊन बँकेच्या परीक्षा द्यायचा विचार पक्का होत आलेला.

माझं शिक्षण विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या परंपरेतलं. परिस्थिती वाईट असली की माणूस दुःखी होतो, ते रास्तच आहे; पण तो मोडून पडतो तो परिस्थितीवर लादलेल्या हट्टामुळे, असं आम्ही मानतो. म्हणून मी तिचं सांत्वन केलं नाही. ‘तुझं काम किती मोलाचं आहे’ हे वाक्य बसस्टॉपपर्यंतही टिकलं नसतं. आणि चंद्रपूरची हवा चांगली आहे असं तर मी म्हणूच शकत नव्हते. पहिल्या काही भेटींत मी तो हट्ट शोधत होते. सापडत नव्हता, कारण मुलगी हुशार होती. ‘सगळी हवा मी एकटी साफ करीन असं मला वाटतंय का? मी काय वेडी आहे?’ असं म्हणून ती मला वाटेला लावायची.

मग परीक्षा आली. त्या दिवशी ती नोट्सची वही घेऊनच आली. बोलायला काही नाही म्हणाली. मी म्हटलं, “मग उद्याच्या पेपरातलं काहीतरी मला शिकव.”

तिनं मानकं काढली. “सूक्ष्म कण, पीएम २.५. आपल्याकडे वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, दर घनमीटरला. २००९ चं मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं ५. आधी १० होतं, २०२१ मध्ये खाली आणलं.”

“मग आपण ४० वरून एकदम ५ वर उडी मारायची?”

“नाही नं मॅडम. मधे टप्पे दिले आहेत त्यांनीच. ३५, २५, १५, १०. मग ५.”

“म्हणजे ५ गाठेपर्यंत मधलं सगळं फुकट?”

“असं कसं?” ती जवळजवळ रागावलीच. “३५ चे २५ झाले तरी माणसं वाचतात. दमा कमी होतो, हार्ट अटॅक कमी होतात. अमुक आकड्याखाली गेलं तरच फायदा, असं काही नसते. जेवढं कमी तेवढं बरं.”

“हे उद्या पेपरात लिहिणार?”

“हो. दहा मार्कांचा प्रश्न आहे.”

“आणि स्नेहलसाठी मानक किती ठेवलं आहेस?”

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “शून्य.” आणि हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

हे टप्पे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. एका जागतिक संस्थेनं अधिकृत कागदावर लिहून ठेवलंय की ध्येय हे आहे, तिथे पोचायला वेळ लागेल आणि वाटेतली प्रत्येक पायरी उपयोगाची आहे. मी इतकी वर्षं माणसांना जे सांगायला धडपडते, ते या मुलीला पाठ होतं! तिचा हट्ट हवा साफ करण्याचा नव्हताच, म्हणून मला सापडत नव्हता. तिचं म्हणणं होतं की माझ्या शिकण्याचा परिणाम मला दिसला पाहिजे, आणि आजी आहे तोवर दिसला पाहिजे. नाहीतर मी शिकले ते वाया. माझ्या तोंडून हेच ऐकून ती वाद घालत बसली असती. तिच्या विषयानं सांगितलं म्हणून ऐकलं. तेव्हापासून कुठल्याही शाखेचा विद्यार्थी आला की मी आधी त्याच्याकडून त्याचा विषय शिकते. उत्तर बरेचदा तिथेच पडलेलं असतं.

दिसण्याला किती वेळ लागतो याची उदाहरणं मी आता जवळ ठेवते. लॉस एंजेलिसमध्ये हागेन-स्मिट नावाचा रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या वासावर संशोधन करत होता. शहरातलं डोळे झोंबवणारं धुकं गाड्यांच्या धुरावर ऊन पडून तयार होतं, हे त्यानं १९५० च्या आसपास दाखवलं. अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास बसायला १९७५ उजाडलं. आपल्याकडे शिसंमिश्रित पेट्रोल देशभर बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. आज विशीत असलेल्या मुलांना ते पेट्रोल माहीतही नाही, कारण ते गेलं. गेलेल्या प्रदूषणाची बातमी होत नाही.

वडिलांचा फोन मात्र मला अनपेक्षित होता. “मॅडम, पोरगी शिकून आमचंच केंद्र बंद पाडते का जी?” राग नव्हता, धास्ती होती. ज्या कोळशावर घर चालतं त्याच्याच विरोधात लेक उभी राहणार, असं त्यांना वाटत होतं. आणि स्नेहलला ते न बोलताही कळत होतं. मी त्यांना विचारलं, “तुमच्या अनुभवात धूळ सगळ्यात जास्त कुठे असते?” पुढची दहा-पंधरा मिनिटं ते बोलत होते. पट्ट्यावरून पट्ट्यावर कोळसा पडतो ती जागा, पाणी मारायचं राहिलं की काय होतं, ताडपत्री न बांधलेले ट्रक. “चिमणीचं लांब जाते जी, आमच्या नाकात ट्रकाचंच.”

हे तिला सांगा म्हटलं. तिनं ऐकलं आणि मला म्हणाली, “मॅडम, उंच चिमणीचा धूर लांब पसरतो, जमिनीलगतची धूळ जवळच्यांना बाधते, हे आम्ही सूत्रानं काढतो. बाबाले तोंडपाठ आहे!” प्रबंधाचा विषय तोच राहिला, पण त्यात रस्त्यावरच्या धुळीचं एक प्रकरण वाढलं.

आता नोकरीचं. मी करिअर मार्गदर्शक नाही, पण इतक्या मुलांकडून ऐकून एवढं कळलंय : फक्त सरकारी मंडळाच्या जाहिरातीची वाट बघणारे खचतात, कारण ती कधी येईल सांगता येत नाही. काम इतरत्रही आहे. नव्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांचा अहवाल लागतो आणि तो करणाऱ्या सल्लागार संस्थांना हवेचा तज्ज्ञ वेगळा ठेवावा लागतो. मोजणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, कारखान्यांचे पर्यावरण विभाग आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात देशातली सव्वाशेहून जास्त शहरं आहेत, त्यांतली १९ महाराष्ट्रातली, चंद्रपूरसकट. सुरुवातीचा पगार थोडा असतो, हे आईवडिलांना आधीच सांगून टाकावं. आणि नुसतं यंत्र चालवता येणं पुरत नाही; संख्याशास्त्र, थोडं कोडिंग आणि १९८१ चा वायू कायदा, एवढं ज्याला येतं त्याला लवकर घेतात, असं मुलंच सांगतात.

या मुलांना मी आणखी एक सांगते : निर्देशांक दिवसातून एकदाच बघायचा, सकाळी, बाहेर पडायचं की नाही ठरवण्यापुरता. रात्री अंथरुणात नाही. प्रयोगशाळेतला आकडा हा अभ्यास असतो, अंथरुणातला आकडा ही नुसती टोचणी. आजी-आजोबा खोकत असतील तर त्यांना डॉक्टरकडे नेणं हे नातवंडांचं काम, त्यासाठी पदवी लागत नाही. स्नेहलनं आजीला इनहेलर वापरायला शिकवलं, ते तिनं फार आधी करायला हवं होतं असं मी तिला म्हटलंही. आणि झोप, भूक दोन-तीन आठवडे गेलेली असेल, जगण्यातच रस वाटत नसेल, तर तो प्रश्न हवेचा राहिलेला नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं.

स्नेहल सध्या नागपुरात एका सल्लागार संस्थेत आहे. “पगार माझ्यापेक्षा कमीच आहे जी,” हे वडिलांनी मला फोनवर दोनदा ऐकवलं, आणि दोन्ही वेळा ते खुशीत होते. ताडपत्री नसलेला ट्रक दिसला की फोटो काढून ते तिला पाठवतात. ती म्हणते, आता पुरे.