पैठणी टिकवायची, पण लेकीच्या शिक्षणावर पाणी सोडून नको

प्रश्न : आम्ही पैठणचे विणकर. मुलीला दहावीत 84 टक्के पडलेत. तिला कॉमर्सला जायचंय. लहानपणापासून कांड्या (रेशमी धाग्याच्या छोट्या गुंडाळ्या) भरते, हात बसलाय. आमच्या मागं पैठणी विणणारं घरात दुसरं कुणी नाही. कॉलेजात गेली की माग सुटणार. बाहेरून बारावी करून घरीच विणायला बसली तर चालेल का? ती ऐकत नाही.

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात मागाबद्दल भरभरून लिहिलंय आणि लेकीच्या मनाबद्दल शेवटी एकच वाक्य, ‘ती ऐकत नाही.’ मला घोर लागला तो या वाक्याचा. लेकरू शिकायचं म्हणतंय, दुसरं काही मागत नाही. घराण्याची कला तगवायचा भार तिच्या डोक्यावर द्यायचा आणि नाही म्हणाली की हट्टी ठरवायचं, हे मला पटत नाही. मुलगा असता तर त्यालाही बाहेरून बारावी करायला सांगितलं असतं का?

शिक्षणानं माग सुटतो, हा समज आधी काढून टाका. माग सुटतो तो पोट भरत नाही म्हणून. पदरावरचा मोर विणताना एकेका रंगाची कांडी हातानं फिरवावी लागते, हे तुम्हाला मी काय सांगावं! पदर उलटा केला तरी मोर तसाच स्वच्छ. यंत्रमागाच्या नकलेला मागून कापलेले धागे दिसतात. गिऱ्हाइकाला ते उलटून दाखवणारं कुणी नसतं, म्हणून नक्कल पैठणीच्या नावानं खपते. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन (त्या भागातल्या अस्सल मालाचं नाव जपणारी सरकारी नोंद) मिळालं, तरी ज्याचं रेशीम आणि ज्याचं गिऱ्हाईक, भाव त्याचाच. तुमच्या हाती मजुरी. कॉमर्स शिकलेली पोरगी हा हिशेब मांडू शकेल. पण तेवढ्यासाठी तिला कॉमर्सला पाठवू नका. तिला आवडतं म्हणून पाठवा. ती सीए होऊन पुण्याला राहिली तरी तुमचं काही बुडालं नाही.

बीकॉम, सीए या वाटा ठाऊक आहेतच. पुढं तिला आपणहून कापडाकडं यावंसं वाटलं, तर ‘निफ्ट’ या फॅशन शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत कारागिरांच्या मुलांसाठी प्रवेशाची वेगळी सोय आहे. विणकर ओळखपत्र काढून ठेवा.

आता तुमचं. आजवर घराबाहेरच्या कुणाला विणायला शिकवलंत? पत्रात तसा उल्लेख नाही. गावात काम शोधणारी पोरं-पोरी आहेत. दोघांना मागाशेजारी बसवा, शिकता शिकता थोडी मजुरी द्या. लेकीचा अकरावीचा अर्ज मुदतीत भरा आणि शाखा तिलाच निवडू द्या.