एआरटी केंद्रातील नोंदी वाचताना: विधवा, उशिरा येणारे पुरुष आणि गोळ्यांची बाटली

आपण विचारले आहे की, एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या केंद्रात, उपचार घेणाऱ्यांच्या आरोग्यविषयक व सामाजिक वैशिष्ट्यांवर प्रबंध लिहिताना स्त्रियांमध्ये विधवा पुष्कळ आढळतात आणि पुरुषांचा सुरुवातीचा सीडी४ (रक्तातील रोगप्रतिकारक पेशींची संख्या; ती जितकी कमी तितका आजार पुढे गेलेला) कमी दिसतो, तर त्याचा अर्थ कसा लावावा. मी महाराष्ट्रातील एका जिल्हा रुग्णालयाच्या केंद्रात अकरा वर्षे समुपदेशक होते, त्या अनुभवावरून लिहिते.

सीडी४ कडे वळण्याआधी प्रत्येकाचे उपचार कोणत्या वर्षी सुरू झाले ते पाहावे. शासनाने मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून द्यायला सुरुवात केली. त्या काळी सीडी४ २०० च्या खाली उतरल्याशिवाय किंवा आजार गंभीर झाल्याशिवाय औषध सुरू होत नसे. ही मर्यादा पुढे ३५० आणि नंतर ५०० झाली, आणि २०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी निदान होताच उपचार देण्याचे धोरण आले. त्यामुळे जुन्या रुग्णाच्या कार्डावरील १४० हा आकडा तो उशिरा आल्याचा पुरावा ठरत नाही. कित्येकदा त्याची नोंदणी आधीच झालेली असे आणि तो नियमात बसण्याची वाट पाहत असे. नोंदणीची तारीख आणि औषध सुरू झाल्याची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत घेतल्याशिवाय हा फरक आपल्याला दिसणार नाही. २०१७ नंतर आलेल्या माणसाचा सीडी४ जर २०० च्या आत असेल, तर मात्र तो खरोखर उशिरा आला आहे, आणि माझ्या पाहण्यात असे येणारे बहुतेक पुरुषच होते.

याचे कारण तपासणीच्या वाटेत आहे. स्त्रीची तपासणी गरोदरपणात होते, किंवा नवऱ्याचे निदान झाल्यावर तिला बोलावले जाते. पुरुष मात्र खोकला हटत नाही, वजन उतरते, क्षयरोग निघतो, तेव्हा कुठे आयसीटीसीपर्यंत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रापर्यंत, पोहोचतो. तो उशिरा आला म्हणून गेला आणि ती वेळेत आली म्हणून राहिली, अशी कितीतरी घरे मी पाहिली. आज उपचार घेणाऱ्यांची यादी ही हयात असलेल्यांची यादी आहे, म्हणून विधवांचे प्रमाण पाहून त्यांना संसर्गाचा धोका अधिक असतो असा निष्कर्ष कृपया काढू नये. त्यांपैकी अनेकींना संसर्ग लग्नातूनच झालेला असतो, आणि तरीही नवरा गेल्यावर सासरी दोष त्यांच्याच माथी येतो व जमिनीतला वाटा नाकारला जातो.

सामाजिक रकाने भरताना कार्डावरचा शब्द जसाच्या तसा उचलू नये. ‘गृहिणी’ असे लिहिलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी रोजंदारीने खुरपणीला जात. पत्त्यावरून मोजलेले अंतरही फसवे असते, कारण ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून माणसे जवळचे केंद्र टाळून दोन बस बदलून लांबच्या केंद्रात येतात. ऊसतोडीला गेलेले कुटुंब दिवाळीनंतर चार-पाच महिने परजिल्ह्यात असते. त्या काळात चुकलेल्या भेटी बेफिकिरीच्या खात्यात टाकणे अन्यायाचे आहे.

एक बाई दर महिन्याला औषध मिळाल्यावर आवारातल्या नळाजवळ जाऊन बाटलीवरचा कागद भिजवून खरवडून काढीत आणि पिशवीत गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून वर कापसाचा बोळा दाबून बसवीत. घरी त्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या म्हणून सांगितले होते. त्यांचा विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, सतत दबलेला राहिला. मात्र नणंद मुक्कामाला आली की गोळ्या चुकत, आणि ही गोष्ट त्यांनी मला तिसऱ्या वर्षी सांगितली. म्हणून ‘घरात कोणाकोणाला माहीत आहे’ हा प्रश्न आपल्या प्रश्नावलीत असायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

आरोग्याच्या भागात क्षयरोगाची नोंद अर्थातच हवी, पण तेवढ्यावर थांबू नये. जुने रुग्ण आता पन्नाशी ओलांडत आहेत आणि त्यांना मधुमेह, रक्तदाब यांचेही औषध लागते. सध्याच्या रोजच्या एका गोळीत डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीवरील औषध आहे व त्यावर काहींचे वजन वाढते, तेव्हा वजनाची नोंद सुरुवातीची आणि आताची अशी दोन्ही घ्यावी. विषाणूभाराची तपासणी औषध सुरू झाल्यावर सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा होते. शेवटचा अहवाल किती जुना आहे हेही लिहावे.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, माहितीची गोपनीयता बंधनकारक केली आहे. नैतिकता समितीची मंजुरी आपण घेतली असेलच, तरी नाव व फोन क्रमांक आपल्या तक्त्यात मुळीच उतरवू नयेत. मुलाखत औषधाच्या रांगेत घेऊ नये, आणि सोबत आलेल्या माणसाला नाते कोणतेही असले तरी बाहेर थांबवावे. सोबत आलेला भाऊच असतो, पण बहिणीला नेमके काय झाले आहे हे त्याला ठाऊक नसते, असे माझ्यासमोर अनेकदा घडले आहे.