गमते का तुले?

साताऱ्याहून बदली होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या एका गावी आलेल्या, बँकेत काम करणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: "शेजारच्या आजी रोज संध्याकाळी हटकतात, ‘गमते का वं बाई तुले इथं?’ आधी मला वाटलं, गंमत येते का असं विचारताहेत. हे म्हणजे आमचं ‘करमतं’च का? गंमतीशी याचा संबंध आहे, की उर्दूतल्या ‘गम’शी? आणि मी दिवसभर कामात असते हे दिसत असताना रोज तेच का विचारायचं?"

शेवटचा प्रश्न सगळ्यांत चांगला, म्हणून तो मागे ठेवतो.

हो, अर्थ करमण्याचाच. यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा, कुठेही "मले गमत नाही" म्हणा, कुणी पुन्हा विचारणार नाही. आत्ता या घडीला करमत नसेल तर "गमून नाही राहिलं". इकडच्या ‘करून राहिलो’, ‘येऊन राहिली’च्या चालीवर. पश्चिमेकडच्या वाचकाला हे क्रियापद भेटतं ते जुन्या कवितेत, ‘मज गमे’ म्हणजे मला वाटे, असं. दोन्ही एकाच घरचे. मूळ संस्कृत धातू गम्, म्हणजे जाणे. त्याला ‘कळणे’ हीही छटा आहे, ‘अवगत’ शब्दात ती अजून दिसते. कवितेने ही मनाची छटा उचलली, वऱ्हाडीने जाण्याची. काय जायचं? वेळ. वेळ नीट पुढे सरकतो आहे, म्हणजे गमतं आहे.

तुमच्या ‘करमणे’चं पाहा. ते क्रम् पासून, म्हणजे पाऊल टाकणे. मार्ग क्रमणे, काळ क्रमणे, त्यातूनच करमणे आणि मग करमणूक. पुष्कळांना ‘करमणे’त ‘रमणे’ दिसतं, पण तो नुसता कानाचा भास आहे. गंमत अशी की सातारा आणि दारव्हा यांनी धातू वेगळे घेतले आणि चित्र एकच काढलं: चालणारा वेळ. जर्मन लोकांनी त्याचीच उलट बाजू धरली. कंटाळ्याला ते ‘लांगेवाइले’ म्हणतात, शब्दशः लांब वेळ.

आणि ही जी वर ‘गंमत’ येऊन गेली, तीही मी गमण्याचीच लेक मानतो. जिच्यात वेळ बरा जातो ती. विदर्भातल्या ‘खडी गंमत’ या लोकनाट्याच्या नावात ती करमणूक याच अर्थाने उभी आहे. ‘गमावणे’ हे याच घरातलं वाया गेलेलं पोर: जाऊ देणे, घालवणे. ‘गम’ मात्र परका. तो अरबीतून फारसीमार्गे आला, अर्थ दुःख. मराठीत त्याचाही अवतार बदलला. "जरा गम खा" म्हणतो तेव्हा आपण कुणाला दुःख खायला सांगत नाही, दम धरायला सांगतो. तेव्हा आजींच्या प्रश्नात दुःख शोधू नका. निदान व्युत्पत्तीत तरी नाही.

आता कामाचं. काम आणि गमणं यांचा फारसा संबंध नाही, हे या शब्दाचं खरं वैशिष्ट्य. कापूसवेचणीच्या दिवसांत बाईला मान वर करायला फुरसत नसते. पहाटे चूल, दिवसभर वावर, संध्याकाळी पुन्हा चूल. पण दिवाळीला आलेली लेक परत गेली की तीच बाई म्हणते, "पोरगी गेली अन् घरात गमतच नाही." तिला ‘बोअर होतंय का’ विचारून पाहा, ती तुमच्याकडे बघत राहील. उलट ज्याच्या हाताला काडीचं काम नाही असा म्हातारा चार सोबत्यांबरोबर पारावर बसला की त्याला झकास गमतं. बोअर व्हायला रिकामपण लागतं. न गमायला एक विशिष्ट माणूस नसलं तरी पुरतं, बाकी घर भरलेलं का असेना.

म्हणूनच हा प्रश्न सासुरवाशिणीला हमखास विचारतात. माहेरचा माणूस भेटायला आला, सासू समोर बसली आहे, नवरा दारात उभा आहे. "तुला नीट वागवतात का" हे तोंडावर कसं विचारणार? मग विचारायचं, "गमते ना वं?" पोरीने काय म्हटलं यापेक्षा कसं म्हटलं ते ऐकायचं. "गमते" निराळं. "गमते आता" निराळं. त्या ‘आता’त मागचे दोन महिने सांगून झाले. आणि "न गमून जाते कुठं?" असं आलं, तर पाहुण्याने चहा संपवून मुक्काम एक दिवस वाढवावा. मानसशास्त्राचं पुस्तक न उघडता केलेली ही तपासणी आहे, आणि ती दुसऱ्यांच्या देखत करता येते.

युरोपात याच न गमण्याला होऊ घातलेल्या एका डॉक्टरने रोगाचं नाव दिलं. 1688 साली बाझेल इथे योहानेस होफर या 19 वर्षांच्या विद्यार्थ्याने वैद्यकीचा प्रबंध लिहिला आणि परतणे व वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ घडवला. आज आपण तो जुनी गाणी ऐकताना वापरतो. होफरला त्यात ताप, धडधड, अन्नावरची वासना उडणं असं सगळं अभिप्रेत होतं. त्याने नोंदवलेला एक रुग्ण म्हणजे बर्नहून बाझेलला शिकायला आलेला तरुण. पोरगा मरणपंथाला लागला, तेव्हा त्याला घरी पाठवायचं ठरलं. ते नुसतं कळल्यावरच त्याला उतार पडायला लागला, आणि बर्न यायच्या आत तो बरा झाला होता. दुसरी एक खेड्यातली मुलगी. पडून जखमी झाली म्हणून इस्पितळात ठेवलेली. औषध नको, जेवण नको, फक्त "मला घरी जायचंय" हेच पालुपद. बर्न ते बाझेल अंतर जेमतेम 100 किलोमीटर. सातारा ते दारव्हा त्याच्या कितीतरी पट आहे, हे आजींना ठाऊक आहे.

जनावरांचं असं झालं तर मराठीत वेगळा शब्द आहे, ‘खंत’. बाजारातून आणलेली गाय चारा सोडते, तेव्हा तिने खंत घेतली म्हणतात. वर्तमानपत्रांनी त्या शब्दाला ‘खंत व्यक्त केली’ एवढंच काम ठेवलं आहे, ते मला पटत नाही.

थांबलेल्या वेळेचं सर्वांत हुबेहूब वर्णन मात्र चौथ्या शतकातलं आहे. इव्हाग्रिअस नावाचा ख्रिस्ती साधू इजिप्तच्या वाळवंटात राहत असे. तो लिहितो, सकाळी दहाच्या सुमारास एक भूत साधूला धरतं. मग सूर्य हलेनासा होतो, दिवस 50 तासांचा वाटतो. साधू सारखा खिडकीतून डोकावतो, जेवणाची वेळ किती लांब आहे म्हणून सूर्य न्याहाळतो, कुणी सोबती येतो का म्हणून इकडेतिकडे बघतो. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी दारं लोटून बसलेल्या माणसाला हे भूत ओळखीचं आहे. 2014 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी माणसांना 15 मिनिटं नुसतं विचार करत एकटं बसवलं. हवा तर स्वतःला विजेचा हलका झटका देण्याची सोय होती. 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 बायकांपैकी 6 जणींनी तो घेतला. आणि हा झटका टाळायला आपण पैसेही मोजू, असं हे सगळे आधी म्हणालेले!

व्याकरणाचा एक बारकावा राहिला. ‘मी रमतो’ म्हणतात, पण ‘मला गमते’. भूक लागते, थंडी वाजते, तसं ते माणसावर येतं. तो ते करत नाही. त्यामुळे "इथे मला कंटाळा येतो" ऐकून यजमान दुखावेल, पण "गमत नाही जी" म्हटल्यावर कुणाला राग येत नाही. फार तर रात्री जेवायचं आवतण येतं.

तेव्हा आजींना "हो, वेळ जातो" असं उत्तर देऊ नका. त्याचा अर्थ इकडे ‘कसाबसा’ असा होतो. खरंच बरं वाटत असेल तर "गमते जी", अजून जम बसायचा असेल तर "गमून राहिलं हळूहळू". त्यानंतर त्या जे विचारतील ते बहुधा लग्नाबद्दल किंवा लेकराबाळांबद्दल असेल. तिथे शब्दकोशाचा उपयोग नाही.